दीक्षेनंतरचे प्रश्न



धर्म बदलण्याविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते, पण ते बोलणे बहुधा धर्म बदलला त्या दिवसापाशीच थांबते. कोणाला फसवले, कोणाला आमिष दाखवले, कोण मनापासून गेला, यावर वाद रंगतात. दीक्षा, बाप्तिस्मा किंवा गुरूचा अनुग्रह झाल्यावर त्या माणसाचे पुढे काय झाले, याची चौकशी करायला मात्र कोणी जात नाही. जी माणसे एखाद्या कडक शिस्तीच्या पंथात शिरली, त्यांना आत गेल्यावरच काय काय उमगले, हा यंदाच्या दिवाळी अंकाचा विषय आहे.

या अनुभवाचा एक मोठा दस्तऐवज आपल्यापाशी आहे. पंडिता रमाबाई आणि त्यांच्या ख्रिस्ती गुरू-माता सिस्टर जेराल्डीन यांचा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने 1977 साली प्रसिद्ध केला. 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरविले होते. 1882 मध्ये त्यांनी पुण्यात आर्य महिला समाज काढला आणि शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष दिली. पुढच्याच वर्षी त्या इंग्लंडला गेल्या आणि 29 सप्टेंबर 1883 रोजी वाँटेज येथे लहानग्या मुलीसह, मनोरमेसह, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. समाजाने टाकलेल्या स्त्रियांना तिथल्या मठातल्या सिस्टर्स ज्या मायेने सावरत होत्या, ते पाहून त्यांचे मन वळले होते. ती माया खरी होती. पण तिच्यासोबत आणखी काय येते, ते बाप्तिस्म्यानंतर समजू लागले.

अंडे घातलेला गोड पदार्थ रमाबाई खात नसत. त्यात सिस्टर जेराल्डीनना जुन्या जातीचा अभिमान दिसला. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिनऐवजी संस्कृत अक्षरे का नसावीत, असे रमाबाईंनी विचारले, त्यावरूनही वाद झाला. देव एक आणि तीनही, या त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयी शंका काढली, तेव्हा शंकेपेक्षा शंका काढणाऱ्या वृत्तीचीच चर्चा अधिक झाली. रमाबाई इंग्लंडातल्या चेल्टनहॅमला असताना त्यांनी तरुण पुरुषांनाही शिकवावे असे ठरत होते. ते हिंदुस्थानात शोभणार नाही, असा सल्ला मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी दिला. ज्या बाईने कलकत्त्यापासून पुण्यापर्यंत पुरुषांनी भरलेल्या सभांत व्याख्याने दिली, तिच्याविषयीचा हा निर्णय तिला न विचारता होत होता. 1885 मध्ये रमाबाईंनी लेखी कळवले, त्याचा आशय असा: एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून नुकतीच सुटले आहे, तेव्हा तसलेच दुसरे जोखड आपण होऊन मानेवर घेणार नाही, देवाने मला विवेक दिला आहे, त्याचे उत्तर मीच देईन.

रमाबाईंनी ख्रिस्ताला सोडले नाही. कोणत्याही एका चर्चच्या हुकमाखाली राहायचे तेवढे नाकारले. आत शिरलेल्या माणसापुढे ‘सगळे मान, नाहीतर सगळे सोड’ असे दोनच पर्याय ठेवले जातात. रमाबाईंनी तिसरा पर्याय स्वतः घडवला. त्यासाठी विद्या, कीर्ती आणि पुढे अमेरिकेत मिळालेले स्वतंत्र पाठबळ त्यांच्यापाशी होते. यातले काहीच हाताशी नसलेल्याने काय करावे, हा प्रश्न उरतो.

तो प्रश्न रमाबाईंनाही चुकला नाही. 1889 मध्ये त्यांनी विधवा मुलींसाठी शारदा सदन सुरू केले. 1893 मध्ये तिथल्या मुली ख्रिस्ती होत आहेत यावरून वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. माझ्या प्रार्थनेला कोणी यावे अशी सक्ती मी करत नाही, दारही लावून घेत नाही, अशी रमाबाईंची बाजू होती. ती प्रामाणिक होती असे आम्ही मानतो. तरीही जिला घरी परत घ्यायला कोणी नाही, जिचे अन्न, वस्त्र आणि शिक्षण एकाच छपराखाली आहे, अशा मुलीला त्या उघड्या दारातून आत न जाण्याचे कितपत स्वातंत्र्य असते? पुढे रमाबाईंच्याच केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या शेकडो मुलींबद्दलही हेच विचारावे लागते. स्वतःच्या विवेकासाठी बिशपांशी झगडलेल्या थोर स्त्रीच्या आश्रमातही ही अडचण उभी राहते, यावरून ती एखाद्या माणसाच्या दुष्टपणातून येत नाही हे दिसते. आधार देणारा आणि आज्ञा देणारा एकच झाला, की ती येतेच.

दुसरे उदाहरण घरचेच आहे: आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी 1861 साली जन्मलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत ख्रिस्ती झाले. त्याची झळ त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना काय सोसावी लागली, ते त्यांचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक आहे. त्या मानाने टिळकांना पुढे काय आढळले, याची चर्चा कमी होते. देशी ख्रिस्ती माणूस कारभारात परक्या मिशनऱ्यांच्या तोंडाकडे पाहत राहतो, हे त्यांना वर्षानुवर्षे सलत होते. 1917 मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ उभारला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना सारखीच जागा होती. श्रद्धा तीच राहिली, तिच्यावरची मालकी त्यांनी नाकारली.

कडक शिस्तीच्या पंथांची रीत धर्म बदलला तरी फारशी बदलत नाही. सुरुवातीला नवख्याचे प्रश्न कौतुकाने ऐकले जातात. तो आपला झाला की तेच प्रश्न अहंकाराचे किंवा अश्रद्धेचे लक्षण ठरतात. आधी आठवड्याची एक सभा असते, मग सगळ्या संध्याकाळी तिकडेच जातात. पैसा, लग्न, वाचन, मुलांची शाळा, जुने मित्र, या सगळ्यांवर कोणीतरी मत देऊ लागते आणि ते मत मोडणे म्हणजे देवाचा शब्द मोडणे होऊन बसते. मनातल्या चुका विश्वासाने सांगितलेल्या असतात, त्यांची आता भीती वाटते. आणि सर्वांत शेवटी कळते ते सोडून जाण्याचे मोल: सोडले तर नवी माणसे तुटतात, जुनी आधीच तुटलेली असतात. मुंबईत किंवा आखातात एकट्याने खोली करून राहणाऱ्या कोकणच्या मुलाला मिळालेली आपुलकी म्हणूनच इतकी घट्ट बसते.

याच्या उलट उदाहरणही आपल्या मातीशी जोडलेले आहे. मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव. 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्यात त्यांनी धर्मांतराची घोषणा केली आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात दीक्षा घेतली. मधली एकवीस वर्षे त्यांनी अभ्यासाला दिली आणि तो प्रश्न लोकांपुढे उघड ठेवला. 1936 मध्ये मुंबईच्या महार परिषदेत त्यांनी धर्मांतराची बाजू सविस्तर मांडली आणि शेवटी बुद्धाने शिष्य आनंदाला दिलेला उपदेश सांगितला, की दुसऱ्याचा आसरा न धरता स्वतःच्या बुद्धीवर उभे राहा. आत जाण्यापूर्वी आतल्या अटी तपासण्याचा हक्क त्यांनी साध्यातल्या साध्या माणसाचा मानला.

आता आपल्याकडे वळू. बाहेर पडू पाहणाऱ्याला पंथ अडवतो तितकेच मागे राहिलेले घर आणि गावही अडवते. कोकणात वाळीत टाकणे म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. शिमग्याला पालखी दारात येत नाही, लग्नाला आणि मयताला कोणी फिरकत नाही. महाराष्ट्राने 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तो जुलै 2017 पासून लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. त्याआधी मुंबई प्रांताने 1949 मध्ये धार्मिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मप्रमुखांनी त्याला आव्हान दिले आणि 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. त्या निकालाचा फेरविचार व्हावा हा प्रश्न 2023 मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला गेला. संविधानाचे पंचविसावे कलम सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य देते. त्यात आत जाणे येते, आत राहून वेगळे मत ठेवणे येते, आणि बाहेर पडणेही येते.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. कोणत्याही पंथात पाऊल टाकणाऱ्याने तीन गोष्टी आधी विचाराव्यात: इथे नाही म्हणता येते का, हिशेब पाहता येतो का, सोडून गेलेल्याशी बोलता येते का. आणि आपण, त्याच्या घरच्यांनी, गेलेल्या माणसाचे नाव घरातून पुसू नये. वाद घालावा, रागवावे, पण फोन उचलावा, आजारपणात धावून जावे, दिवाळीला बोलवावे. तो परतेल या अटीवर नव्हे. ज्याला बाहेरही आपली माणसे आहेत तोच आत राहून मोकळेपणाने प्रश्न विचारू शकतो, म्हणून.

 यंदा फराळाला अशा एखाद्या दुरावलेल्या माणसाला अवश्य बोलवा. 

– संपादक
मांडवी, रत्नागिरी