मोबाइल मुके झाले, तरी बोरिवली-मुलुंड चॅट?

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला. उपनगरांतले मोबाइल मुके झाले. अशा वेळी हॅम रेडिओवरचा चॅट सर्व्हर कामी येऊ शकतो.

काय लागते? व्हीएचएफ संच, लिनक्सवरचा छोटा संगणक, बॅटरी. मजकुराची 'पॅकेट' १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर जातात. सर्व्हर ती जोडलेल्या सर्वांना पोहोचवतो.

अडचण काय? वेग बहुधा सेकंदाला १२०० बिट. फोटो विसरा, 'इन्सुलिन हवे' एवढे पुरे. बोरिवली-मुलुंडमध्ये राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आडवे येतात, म्हणून उंचावर दुवा हवा. संदेश गुप्तही ठेवता येत नाहीत.

परवान्यासाठी परीक्षा असते. पाणी चढल्यावर ती देता येत नाही. तयारी पावसाळ्याआधीच हवी.