घसारा



बँकेत छत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला ‘घसारा’ या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक असतो. शाखेतील टेबल, खुर्ची, तिजोरी, फार काय शाखेची इमारतसुद्धा दरवर्षी थोडीथोडी झिजते. ती झीज डोळ्यांना दिसत नसली तरी मार्चअखेरीस हिशेबात धरावी लागते. जो व्यवसाय घसाऱ्याची तरतूद करीत नाही, त्याचा नफा कागदावर छान दिसतो. पण एक दिवस यंत्र बंद पडते आणि नवे घ्यायला गाठीशी पैसा नसतो.

निवृत्तीनंतर मावळातल्या डोंगरांत पायी फिरू लागलो, तेव्हा याच शब्दाचा दुसरा अर्थ समजला. डोंगरात भटकणारे लोक सुट्या मातीच्या, मुरमाच्या आणि बारीक खड्यांच्या निसरड्या उताराला घसारा म्हणतात. प्रथम गंमत वाटली. पुढे एका प्रसंगाने ध्यानात आणून दिले की, हे दोन्ही अर्थ एकमेकांपासून फार दूर नाहीत. तो प्रसंग आणि त्यात माझ्या हातून घडलेली चूक, असा या वेळच्या लेखाचा विषय आहे.

गेल्या वर्षीच्या आषाढातील एक रविवार. माझा नातू अकरावीत आहे. त्याला डोंगरी सायकलचा छंद आहे. जाड, दातेरी टायरांची, धक्के सोसणारी ही सायकल डांबरी रस्त्यापेक्षा कच्च्या वाटेसाठीच घडवलेली असते. सायकल गाडीवर बांधून आम्ही मळवलीला गेलो. भाजे गावातून लोहगड आणि विसापूर यांच्यामधील गायमुख खिंडीकडे एक रस्ता चढतो. त्या रस्त्याच्या अंगाने गावकऱ्यांच्या आणि गुरांच्या पायवाटा आहेत. तेवढ्या परिसरात सायकल चालवायची आणि दुपारी परतायचे, असा बेत होता.

एका वळणावर मूळ वाट सोडून थेट खाली उतरणारी आडवाट दिसली. तिच्या तोंडाशी काटेरी फांद्या पडल्या होत्या. नातू थांबला आणि म्हणाला, “आजोबा, या कुणी मुद्दाम टाकल्या असतील का?” मी म्हणालो, “मुद्दाम कोण टाकतो इथे? वाऱ्याने पडल्या असतील.” आणि छत्रीच्या दांड्याने मीच त्या फांद्या बाजूला सारल्या. नातू त्या आडवाटेने उतरला, मागून आलेले सहा-सात सायकलस्वारही उतरले. आनंदात घरी आलो.

दिवाळीनंतर पुन्हा त्याच वळणावर गेलो, तेव्हा आडवाट ओळखू येईना. तिथे गुडघाभर खोल घळ पडली होती. तळाशी सुटा मुरूम, कडेला उघडी पडलेली गवताची मुळे. चार-पाच तरुण आणि गावातले एक साठीचे गृहस्थ दगड वाहत होते. चौकशी केली. ते गृहस्थ म्हणाले, “पावसाच्या आधी ही वाट बंद केली होती आमी. काटं टाकलं होतं, गवत धरायला. कुणीतरी काढलं. मग सायकली गेल्या, मोटारसायकली गेल्या, समदं पानी हितनंच वाहिलं.” जरा थांबून ते पुढे म्हणाले, “आमच्या वैनी गवताचा भारा घेऊन उतरत हुत्या. हितंच घसरल्या. मनगट मोडलं.”

आवाजात आरोप नव्हता. ते कुणाचे काम, हे त्यांना माहीत नव्हते. माझा नातू माझ्याकडे पाहत होता. छत्तीस वर्षांत एका रुपयाचा फरक पडला तरी रात्री आठपर्यंत बसून तो शोधणारा माणूस मी. पण खरे सांगतो, त्या क्षणी गप्प बसण्याचा मोह झाला. नातू तिथे नसता तर कदाचित गप्प बसलोही असतो. शेवटी म्हणालो, “मामा, ते काटे मी काढले होते.”

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, “काटं काय, वाऱ्यानं बी उडत्यात. आता आलाच हायसा, तर हा दगड त्या बाजूनं धरा.”

मी दगड धरला. नातवाने दुसरा उचलला. त्या हिवाळ्यात आम्ही चार रविवार तिथे गेलो आणि या कामातले शास्त्र थोडेफार शिकलो.

मावळाच्या या पट्ट्यात पाऊस किती पडतो ते वाचकांना ठाऊक आहेच. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या आसपास, कधी त्याहून अधिक पाऊस होतो आणि तो बहुतेक चार महिन्यांतच कोसळतो. खाली काळा पाषाण, वर मातीचा पातळ थर. ती माती गवताच्या मुळांनीच धरून ठेवलेली असते. ओल्या मातीवरून माणूस चालला तर पावलांचे सुटे सुटे ठसे उमटतात. चाक गेले तर अखंड चर उमटते. उतारावरची अखंड चर म्हणजे पाण्याला आयता पाट. पाणी त्यातून वेगाने धावते, माती घेऊन जाते आणि चर खोल करते. करकचून ब्रेक दाबून सायकल घसरत नेली, तर एका फेरीतच वरचा थर खरवडला जातो. चर पडली की चालणारे लोक कडेने चालतात. मग कडेचे गवत मरते, वाट रुंदावते आणि शेवटी वाट राहतच नाही, घसारा उरतो.

यावर स्वयंसेवकांचा उपाय साधा आणि कष्टाचा आहे. ते उतारावर ठरावीक अंतराने दगडांची तिरपी ओळ वाटेत बसवतात, म्हणजे पाणी वाटेवरून न धावता बाजूच्या गवतात उतरते. प्रत्येक दगड निम्म्याहून अधिक जमिनीत पुरावा लागतो, नाहीतर पहिल्याच पावसात निखळतो. आडवाटा काटे टाकून बंद करतात. दोन पावसाळे कुणी पाऊल टाकले नाही, तर गवत पुन्हा माती धरते. हे काम रविवारी, स्वतःच्या खर्चाने आणि कुठल्याही पाटीवर नाव न लावता चालते. लोहगड-विसापूर विकास मंचाचे कार्यकर्ते या दोन किल्ल्यांसाठी वर्षानुवर्षे श्रमदान करीत आले आहेत. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्र संस्थेचे तरुण तर वाट चुकलेल्यांना, दरीत पडलेल्यांना शोधायला रात्री-अपरात्री, भर पावसात बाहेर पडतात. जुलै २०२५मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांत लोहगड आहे. आता गर्दी वाढणार आणि झीजही वाढणार. तरतूद मात्र याच मूठभर लोकांच्या घामातून होणार.

म्हणून ज्यांच्या घरी अशी सायकल आहे, त्यांच्यासाठी चार गोष्टी लिहितो. परदेशात या विषयाचा विचार पूर्वीच झाला आहे. डोंगरवाटांवर सायकलींना बंदी होऊ लागली, तेव्हा १९८८मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सायकलस्वारांनी एकत्र येऊन इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशन स्थापन केली. तिने वाटेवरचे सहा नियम घालून दिले: खुल्या वाटेनेच जावे, मागे खूण ठेवू नये, सायकल ताब्यात ठेवावी, इतरांना वाट द्यावी, जनावरांना भेडसावू नये आणि पूर्वतयारीने निघावे. बंदी आल्यावर शिस्त सुचली हे खरे. पण शिस्तीमुळे पुष्कळ वाटा पुन्हा मोकळ्या झाल्या, हेही खरे.

आपल्याकडे या नियमांना थोडा मावळी अर्थ द्यावा लागेल. पायी चालणाऱ्याचा मान पहिला. त्यातही डोक्यावर मोळी, भारा किंवा हंडा असलेल्या बाईला पाहून सायकल थांबवावी आणि खाली उतरून उभे राहावे. तिला मान वळवून बाजूला होता येत नाही. उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यावी, कारण चढणाऱ्याचा दम एकदा मोडला की पुन्हा लय धरणे कठीण. वळणाआधी घंटी वाजवावी. गुरे दिसली तर वेग कमी करून गुराख्याला हाक द्यावी, त्याने हात केल्यावर पुढे जावे. वाटेत डबके असेल तर कडेचे गवत न तुडवता मधूनच जावे; चिखल धुऊन निघतो, रुंदावलेली वाट भरून निघत नाही. किल्ल्याच्या पायऱ्या आणि लेण्यांची आवारे ही सायकलची जागा नव्हे. आडवा दगड किंवा काट्यांची फांदी दिसली, तर ती कुणीतरी विचार करून ठेवली आहे असे प्रथम गृहीत धरावे. हे शेवटचे वाक्य मी महागात शिकलो आहे.

आणि ऐन पावसाळ्यात ओल्या मातीवर चाक घालूच नये. आपल्या घरांत तरी हे नवे नाही. चातुर्मासात साधू-साध्वी विहार थांबवून एके ठिकाणी राहतात, कारण पावसाने जमीन जिवंत होते आणि प्रत्येक पावलाखाली असंख्य जीव येतात. एरवीही ईर्या समितीनुसार ते समोरची चार हात जमीन पाहून पाऊल टाकतात. गृहस्थांना तेवढे साधणार नाही; परंतु ज्यांचे गुरू चार महिने पाऊल आवरतात, त्यांच्या मुलांनी चार महिने चाक आवरणे अवघड नसावे. पावसाळ्यात डांबरी रस्ते आहेतच.

याच मावळात आपल्याला अभिमान वाटावा असे एक लेणे आहे. पाले गावाजवळील त्या लेण्यात एक ब्राह्मी शिलालेख आहे. डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शोभना गोखले यांनी तो अभ्यासून प्रसिद्ध केला. अरिहंतांना नमन करून आरंभ होणारा हा लेख दोन हजार वर्षांहून जुना मानला जातो. भदंत इंद्ररक्षिताने सहकाऱ्यांसह हे लेणे आणि पोढी करविली, असा त्याचा आशय. पोढी म्हणजे पाण्याचे टाके. लोहगडाच्या कड्यातील एका लेण्यातही अशाच आरंभाचा लेख काही वर्षांपूर्वी गिरिभ्रमण करणाऱ्यांच्या दृष्टीस पडला. डेक्कन कॉलेजचे डॉ. श्रीकांत प्रधान यांनी तो वाचला. त्यातही हेच नाव आहे आणि पाण्याच्या टाक्यांचा व दगडी बाकांचा उल्लेख आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी मिळावे, घटकाभर टेकता यावे, म्हणून कुणीतरी काळ्या पाषाणावर छिन्नी चालवली. ज्यांनी घाव घातले त्या सहकाऱ्यांची नावे लेखात नाहीत. आज त्याच डोंगराच्या पायथ्याशी दगड बसवणाऱ्यांचीही नावे कुठे नाहीत. मला हे दोन्ही काम एकाच खात्यातले वाटते.

पर्युषण जवळ आले आहे. दरवर्षी मी आप्तेष्टांना, शेजाऱ्यांना, जुन्या सहकाऱ्यांना क्षमापनेची पत्रे लिहितो. ज्यांच्याशी वर्षभर बोलणेसुद्धा झालेले नाही, त्यांचीही यादी काळजीपूर्वक करतो. ज्या बाईंचे मनगट मोडले, त्यांच्या घरी मात्र मी हिवाळ्यातच गेलो होतो. औषधपाण्याचा खर्च देऊ केला. त्यांनी घेतला नाही, चहा मात्र दिला. हात आता बरा आहे, पण पहिल्यासारखा भारा उचलवत नाही. ही नोंद माझ्या नावावर राहणार आणि ती निर्लेखित करण्याचा अधिकार मला नाही.

या पावसाळ्यात नातवाची सायकल घरीच आहे. गेल्या आठवड्यात आम्ही दोघे छत्र्या घेऊन पायी त्या वळणापर्यंत जाऊन आलो. आम्ही बसवलेल्या अकरा दगडांपैकी नऊ जागेवर आहेत. दोन निखळले आहेत. ते मी बसवलेले होते, असे नातवाचे म्हणणे आहे. घळीच्या तोंडाशी नवे काटे आहेत आणि त्यांच्यामागे बोटभर गवत उगवले आहे. दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी मामांनी बोलावले आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी पाण्याची बाटली, जुने कपडे आणि जाड हातमोजे घेऊन सकाळी सातला मळवली स्थानकावर यावे. फावडी-घमेली गावात आहेत.