उणे ११० अंश हे नक्की कशाचं तापमान? क्रायोथेरपी आणि आइस बाथमागचं विज्ञान

गेल्या महिन्यात ऑफिसमधला मित्र म्हणाला, "शनिवारी येतोस का? क्रायो करून येऊ. तीन मिनिटं, उणे ११० अंश, पायांचा थकवा गायब!" तो हाफ मॅरेथॉनची तयारी करतोय, आणि त्याच्या इन्स्टाग्रामवर सध्या फक्त बर्फ दिसतो. टबात बसलेले खेळाडू, पांढऱ्या वाफेतून डोकं बाहेर काढून हसणारी माणसं, बर्फाच्या पाण्यात तोंड बुडवणाऱ्या इन्फ्लुएन्सर. मी सोबत गेलो, पण माझ्या डोक्यात तो आकडाच फिरत होता. उणे ११० अंशात माणूस तीन मिनिटं उभा राहतो आणि हसत बाहेर येतो, हे शक्य कसं आहे?

उत्तर सोपं आहे. ते तापमान हवेचं आहे, तुमचं नाही. डिसेंबरच्या सकाळी पुण्यात १० अंश असताना तुम्ही टपरीवर आरामात चहा पीत उभे राहता. तेच १० अंशांचं पाणी बादलीभर अंगावर घेऊन बघा! पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. म्हणून कोरडी हवा कितीही थंड केली तरी तीन मिनिटांत तिचा परिणाम मुख्यतः त्वचेवर होतो. स्नायू खोलवर थंड करायचे असतील तर साधं बर्फाचं पाणी त्या महागड्या मशीनच्या मागे नाही. पण '१२ अंश पाणी' असं लिहिलेलं रील कोण बघणार? 'उणे ११०' लगेच शेअर होतं.

ही पद्धत १९७०च्या दशकाच्या शेवटी जपानमध्ये संधिवाताच्या रुग्णांसाठी सुरू झाली. आज तिच्या मेन्यूकार्डवर वजन, झोप, नैराश्य, सुरकुत्या असं सगळं असतं. अमेरिकेच्या एफडीएने २०१६ मध्येच स्पष्ट सांगितलं होतं की या दाव्यांना पुरेसा पुरावा नाही आणि अशा उपचारासाठी त्यांनी एकही मशीन मंजूर केलेलं नाही. व्यायामानंतरच्या अंगदुखीवर याचा उपयोग होतो का, हे तपासणारा कॉक्रेनचा आढावा २०१५ मध्ये आला. त्यात चारच अभ्यास होते आणि माणसं एकूण ६४. अ‍ॅपमधल्या एका बटणाचा रंग बदलायचा असेल तरी ६४ युजरच्या टेस्टवर आमचा मॅनेजर 'हो' म्हणणार नाही.

इथपर्यंत प्रश्न फक्त पैशांचा आहे. पुढचा भाग मला जास्त गंभीर वाटतो.

क्रायोच्या मशीनचे ढोबळमानाने दोन प्रकार असतात. एकात विजेवर चालणारे कॉम्प्रेसर हवा थंड करतात, म्हणजे आपल्या फ्रिजचाच मोठा भाऊ. दुसऱ्यात द्रवरूप नायट्रोजन वापरतात. डोकं बाहेर ठेवून उभं राहायचं ते उभं पिंप आणि त्यातून वाहणारी पांढरी वाफ, हे बहुतेक वेळा नायट्रोजनचंच काम असतं. द्रवरूप नायट्रोजन उणे १९६ अंशांना उकळतो आणि वायू झाला की सुमारे ७०० पट पसरतो. खोली बंद असेल तर त्याला जागा हवी असते, आणि ती जागा तो ऑक्सिजनला बाजूला सारून घेतो.

हिशेब करून बघू. दहा बाय बारा फुटांची, नऊ फूट उंचीची खोली धरा, म्हणजे साधारण ३० घनमीटर. पाच लिटर द्रव नायट्रोजनचा सुमारे साडेतीन घनमीटर वायू होतो. तो खोलीत मिसळला आणि हवा खेळती नसेल, तर ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १८.६ टक्क्यांच्या आसपास येतो. कामाच्या जागी १९.५ टक्क्यांखाली गेलं की धोक्याची पातळी धरतात. ही झाली पूर्ण खोलीची सरासरी. थंड वायू जड असल्याने खाली साचतो, त्यामुळे मशीनच्या आत आणि जमिनीलगत परिस्थिती याहून वाईट असते.

आणि हे तुम्हाला कळतही नाही. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही. पांढरं दिसतं ते हवेतल्या बाष्पाचं धुकं. शिवाय गुदमरल्यासारखं वाटतं ते मुख्यतः शरीरात कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे. इथे तो श्वासाबरोबर नेहमीसारखा बाहेर पडत राहतो. शरीराचा अलार्म वाजत नाही आणि माणूस बेशुद्ध पडतो. २०१५ मध्ये अमेरिकेत लास वेगासजवळच्या एका सेंटरमध्ये तिथलीच कर्मचारी मशीनमध्ये मृतावस्थेत सापडली. एप्रिल २०२५ मध्ये पॅरिसच्या एका जिममध्ये कर्मचारी तरुणीचा जीव गेला, संशय नायट्रोजनच्या गळतीवर होता. दोन्हीकडे बळींमध्ये तिथे काम करणारी मुलगी होती. ग्राहक तीन मिनिटांत बाहेर येतो. त्या खोलीत दिवसभर वावरतात त्या या मुली.

म्हणून रिसेप्शनवर मी दोनच गोष्टी विचारल्या. मशीन नायट्रोजनचं आहे का? आणि खोलीत ऑक्सिजन मीटर कुठे लावलाय? तिथली मुलगी मनापासून हसून म्हणाली, "सर, टेन्शन नका घेऊ, नायट्रोजन तर हवेतच असतो ना!" बरोबरच आहे तिचं, ७८ टक्के असतो. तिला तसंच शिकवलेलं असणार. मीटरबद्दल मॅनेजरला विचारून कळवते म्हणाली. आम्ही परत आलो. मित्र वैतागला, कारण त्याने ॲडव्हान्स भरला होता.

मग घरीच आइस बाथ? यात निदान थोडा दम आहे. २०१२ च्या कॉक्रेन आढाव्यात १७ छोटे अभ्यास होते आणि नुसतं बसून राहण्यापेक्षा थंड पाण्याने अंगदुखी कमी झाल्याचं दिसलं. पण जिमवाल्यांनो, इकडे लक्ष द्या. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १२ आठवडे वजनं उचलणाऱ्या पुरुषांचे दोन गट पाहिले. व्यायामानंतर १० अंशांच्या पाण्यात १० मिनिटं बसणाऱ्यांचे स्नायू आणि ताकद दोन्ही कमी वाढले. व्यायामानंतरची सूज हा स्नायूंसाठी वाढीचा सिग्नल असतो आणि थंडीने तो मंदावतो, असं यामागचं एक स्पष्टीकरण आहे. उद्या पुन्हा मॅच असेल तर बर्फ समजू शकतो. दंड वाढवायचे असतील तर रोज कशाला?

खर्चाचाही हिशेब मांडा. टबात १५० लिटर पाणी, नळाचं तापमान २७ अंश. ते १२ वर आणायला जवळपास २५ किलो बर्फ लागतो, फ्रिजमधले ट्रे विसरा. शिवाय पहिल्या मिनिटात श्वास आपोआप जोरात ओढला जातो, हृदयाचे ठोके आणि बीपी उसळतं. हृदयाचा किंवा बीपीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नका, आणि तब्येत ठणठणीत असली तरी एकटं बसू नका.

चेहऱ्याचं म्हणाल तर बर्फाने रक्तवाहिन्या आकसतात, सूज थोडा वेळ उतरते, फोटो चांगला येतो. त्वचेची रंध्रं 'बंद' वगैरे होत नाहीत, ती दरवाजे नाहीत. बर्फ थेट एका जागी धरून ठेवला तर त्वचा जळते, म्हणून मध्ये रुमाल ठेवा. लादीचा बर्फ तर चेहऱ्याला लावूच नका. खाण्यालायक नसलेला बर्फ ओळखू यावा म्हणून २०१८ मध्ये महाराष्ट्रात त्याला निळा रंग देणं सक्तीचं केलं ते उगाच नाही. त्वचारोगतज्ज्ञ द्रव नायट्रोजनने चामखीळ काढतात, तीही क्रायोथेरपीच आणि ती खरंच काम करते. पण तिथे पेशी मारणं हाच हेतू असतो. सलूनने उचललंय ते फक्त नाव.

चार दिवसांनी मित्राच्या व्हॉट्सॲपवर सेंटरचा मेसेज आला. त्याने तो मला फॉरवर्ड केला. ऑक्सिजन मीटरबद्दल एक अक्षर नव्हतं. वीकेंडला दोन सेशनवर २० टक्के सूट होती.