सळ्या इकडे, मजले तिकडे

आमच्या कळंबोलीची ओळख पाहुण्याला करून द्यायची तर लोखंड बाजाराचे नाव घेतल्यावाचून गत्यंतर नसते. गर्डर, अँगल, पत्र्याची वेटोळी, सळ्यांचे भारे आणि ते उचलणाऱ्या क्रेनचा खणखणाट यांतच इथली सकाळ उजाडते. मुंबईत कर्नाक बंदर, दारूखाना या भागात वर्षानुवर्षे चालणारा हा व्यापार शहराबाहेर न्यायचे ठरले आणि तो खाडीपलीकडून आमच्या दारात आला. ट्रेलरच्या रांगाही सोबत आल्याच.

पण योजनेत फक्त लोखंड नव्हते, याचा आज सर्वांना विसर पडला आहे. मुंबईचा भार मुख्य भूमीवर न्यावा, खाडीवर पूल बांधावा, ही शिफारस स. गो. बर्वे यांच्या अभ्यासगटाने १९५८-५९ मध्येच केली होती. पुढे चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी जुळ्या शहराची कल्पना मांडली. १९६५ साली ‘मार्ग’ या नियतकालिकाने त्यावर अंकच काढला. त्यांचे म्हणणे सरळ होते. राज्य सरकारने स्वतःच्या कचेऱ्या घेऊन खाडी ओलांडावी, म्हणजे मागोमाग बँका, कंपन्या, वकील सगळे येतील. सरकारला ते पटले. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. गोदामे आली, बाजार आले, लाखो माणसे राहायला आली. सरकार मात्र तिकडेच राहिले. ते का राहिले, हे समजून घ्यायचे तर नरिमन पॉइंटच्या उंच इमारतींकडे पाहावे लागते.

मुंबईला उंचीची हौस जुनीच. राजाबाई टॉवर १८७८ साली पुरा झाला, उंची २८० फूट. पैसा प्रेमचंद रायचंद यांचा, नाव त्यांच्या आईचे. हेच प्रेमचंद बॅक बेच्या पहिल्या भरावाच्या शेअर्सच्या वेडातले अग्रणी. अमेरिकेतले यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले, कापसाचा भाव कोसळला आणि समुद्रात न पडलेल्या भरावाचे शेअर मातीमोल झाले. या शहरात उंच इमारत आणि समुद्रातला भराव यांचे नाते असे पहिल्यापासूनचे.

पण तो टॉवर घड्याळाचा. त्यात कोणी बिऱ्हाड केले नाही. माणसांना उंचावर ठेवायचे तर भरवशाची लिफ्ट हवी आणि भिंतींवर भार न टाकणारा सांगाडा हवा. शिकागोत १८८५ मध्ये होम इन्शुरन्सची दहा मजली इमारत लोखंड-पोलादाच्या सांगाड्यावर उभी राहिली आणि तिथून हा प्रकार जगभर गेला. आपल्याकडे पोलाद महाग आणि दुर्मीळ, म्हणून आपण सांगाडा काँक्रीटचा केला आणि पोटात सळ्या घातल्या. मरीन ड्राइव्हची देखणी रांग याच काँक्रीटची. पण तिथे सगळ्यांनी पाच-सहा मजल्यांची शिस्त पाळली, म्हणून ती रांग आजही डोळ्यांना सुखावते. २०१८ मध्ये तिला जागतिक वारशात स्थान मिळाले.

त्या रांगेखालची जमीन विसाव्या शतकातल्या दुसऱ्या भरावाची. गव्हर्नर लॉइड यांच्या कारकिर्दीतल्या या योजनेतला गैरकारभार खुर्शीद फ्रामजी नरिमन यांनी चव्हाट्यावर आणला. योजनेवरचे एक अधिकारी हार्वे यांनी त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला आणि नरिमन निर्दोष सुटले. भरावावर कोरडे ओढणाऱ्या या माणसाचे नाव पुढे भरावाच्याच टोकाला मिळाले. माणसाला गप्प करण्याचा हा आपला खास मार्ग असावा.

साठीच्या दशकात कारमायकेल रोडवर ‘उषा किरण’ ही पंचवीस मजली इमारत झाली. ती श्रीमंतांची राहती घरे. डोंगरावरची, लांबून बघायची. खरी गर्दी झाली ती नरिमन पॉइंटला. सत्तरीच्या उंबरठ्यावर जोसेफ स्टाइन यांचा एक्स्प्रेस टॉवर्स, १९७३ ला ओबेरॉयचे उंच हॉटेल, १९७४ ला एअर इंडियाची तेवीस मजली इमारत, माथ्यावर ते धनुर्धारी चिन्ह. शाळकरी वयात चौपाटीच्या कठड्यावर बसून आम्ही मजले मोजत असू. दर वेळी आकडा वेगळा यायचा आणि भांडण व्हायचे. सिमेंट आणि पोलाद दोन्हींवर नियंत्रण होते, साध्या माणसाला घराच्या स्लॅबसाठी खेटे घालावे लागत, ते दिवस हे. तिकडे मात्र मजल्यावर मजला चढत होता.

आता सालांकडे पाहा. सिडको १९७० ची. वाशीचा पूल १९७३ चा. म्हणजे नवे शहर उभारायचे म्हणून एका हाताने शेतकऱ्यांच्या जमिनी संपादन होत होत्या आणि त्याच वर्षांत दुसऱ्या हाताने समुद्र बुजवून कचेऱ्यांचे भूखंड वाटले जात होते. पिलू मोदी आणि इतरांनी त्या वाटपाविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागितली. मोदी स्वतः वास्तुशिल्पी होते, त्यांना हा विरोधाभास नेमका दिसला असणार. इमारती मात्र थांबल्या नाहीत. १९८१ मध्ये नवे विधानभवनही तिथेच झाले आणि सरकार खाडी ओलांडणार नाही हे पक्के झाले. अनेक वर्षे खुद्द सिडकोच्या कागदांवर नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता छापलेला असे: ‘निर्मल’, दुसरा मजला, नरिमन पॉइंट.

बँकेत असताना या पत्त्याची किंमत मी जवळून पाहिली. लेटरहेडवर ‘नरिमन पॉइंट’ असले की कर्जाच्या अर्जाकडे पाहण्याची साहेबांची नजर बदलत असे. ताळेबंद तोच, पण कागदाला वजन आलेले. मीही त्या नजरेतून सुटलो नव्हतो, हे कबूल करतो. अशा पत्त्याशेजारी बेलापूर कोण घेणार? माझीही बदली तिकडे झाली तेव्हा कळंबोलीहून बसने मानखुर्द, तिथून लोकलने व्ही.टी., पुढे पुन्हा बस असा प्रवास होता. वाशीला गाडी १९९२ मध्ये आली, पनवेलला १९९८ मध्ये. सतराव्या मजल्याच्या खिडकीतून समुद्र छान दिसे. तो पाहायला उसंत नसे, कारण साडेसहाची गाडी चुकली तर घरी मुले झोपलेली सापडत.

माझे गेले ते तास. ज्यांचे शेत, मिठागर गेले त्यांचा हिशेब मोठा आहे. पंच्याण्णव गावांच्या जमिनी या शहरासाठी घेतल्या, आमची कळंबोली आणि रोडपाली त्यांतलीच. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जणांचे प्राण गेले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. ज्या राजधानीच्या नावाने जमीन गेली, ती राजधानी त्यांनी कधी पाहिलीच नाही.

पुढे नरिमन पॉइंटचाही दिमाख ओसरला. कचेऱ्या वांद्रे-कुर्ला संकुलाकडे वळल्या. एअर इंडियाच्या इमारतीने १२ मार्च १९९३ चा स्फोट सोसला; २०१३ मध्ये कंपनीचे मुख्यालयच दिल्लीला गेले. रिकामे होत चाललेले ते मजले पाहून मला वाटायचे, आता तरी सरकारला खाडीपलीकडची आठवण होईल.

जानेवारी २०२४ मध्ये शिवडीहून न्हावा-शेव्याला जाणारा अटल सेतू खुला झाला. मग मार्चमध्ये बातमी आली की एअर इंडियाची इमारत राज्य सरकारला १,६०१ कोटी रुपयांना देण्यास केंद्राने मंजुरी दिली आहे. सरकारी कार्यालयांना मंत्रालयाजवळ जागा हवी होती. आमच्या वसाहतीतल्या कोणाला तिथे काम असेल, तर मानसरोवरला जाऊन गाडी धरायची आणि सीएसएमटीला उतरून बस शोधायची.