वाढप्यांची पंगत

लग्नघरात शेवटची पंगत उठली की मग वाढपी जेवायला बसतात. आमच्या लहानपणी ही मंडळी म्हणजे घरचेच काका-मामा आणि आळीतली पोरं. खांद्यावर पंचा, सदऱ्यावर मठ्ठ्याचे डाग, ताटात उरलीसुरली जिलबी, आणि बोलायचं त्राण कुणालाच नाही. मला तीच पंगत सगळ्यांत देखणी वाटायची.

‘द ॲव्हेंजर्स’ या २०१२ च्या चित्रपटात नेमकी अशी एक पंगत आहे. नामावली पूर्ण संपल्यावर पडदा पुन्हा उजळतो. न्यूयॉर्क वाचवून आलेले सहा जण एका पडझड झालेल्या खानावळीत शोरमा खात बसलेत. कुणी काही बोलत नाही. मागे केर काढणं चाललंय. अर्ध्या मिनिटाचं हे दृश्य चित्रपटाचा लॉस एंजेलिसमधला पहिला खेळ होऊन गेल्यावर घाईघाईने चित्रित झालं. कॅप्टन अमेरिका झालेल्या ख्रिस इव्हान्सने तोवर दुसऱ्या चित्रपटासाठी दाढी वाढवली होती, म्हणून रंगभूषेने ती झाकली आणि तो गालावर हात टेकून बसला. आपल्याकडे चित्रपट अमेरिकेच्या आठवडाभर आधी, २७ एप्रिलला लागला. मी पाहिलेल्या खेळात हे दृश्य नव्हतं; ते पुढे घरी पाहायला मिळालं. तेव्हापासून हा चित्रपट म्हटलं की मला ती लढाई आठवतच नाही, ही पंगत आठवते.

ही माणसं एका टेबलापाशी यायला फार दिवस लागले. कॉमिक्सच्या पानांवर स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी हा संघ १९६३ मध्ये बांधला. पुढे मार्व्हल कंपनी १९९६ मध्ये दिवाळखोरीत गेली. स्पायडरमॅनचे चित्रपट-हक्क सोनीकडे, एक्स-मेनचे फॉक्सकडे. घरातले कमावते मुलगे दुसऱ्यांच्या दारात कामाला लागल्यासारखं झालं. मग २००५ मध्ये मार्व्हलने स्वतःच चित्रपट काढायचं ठरवलं आणि मेरिल लिंचकडून ५२ कोटी ५० लाख डॉलरची पतव्यवस्था घेतली. तारण काय ठेवलं, तर दहा पात्रांचे चित्रपट-हक्क. त्यात कॅप्टन अमेरिका होता, ॲव्हेंजर्सही होते. पेरणीसाठी जमीन गहाण टाकावी, तसा हा जुगार. पहिलं पीक २००८ चा ‘आयर्न मॅन’. त्यातला नायक रॉबर्ट डाउनी ज्युनियर व्यसनापायी तुरुंगात जाऊन आलेला, त्याच्यावर पैसे लावायला कुणी धजत नव्हतं. त्या चित्रपटाच्या नामावलीनंतर सॅम्युएल जॅक्सनचा निक फ्युरी अंधारातून पुढे आला आणि संघाचा विषय काढला. ‘आयर्न मॅन’ धरून चार वर्षांत पाच चित्रपट, आणि मग सहावा हा.

दिग्दर्शक जॉस व्हेडन दूरचित्रवाणी मालिकांमधून आलेला. त्याने एक गोष्ट पक्की ओळखली होती: ही माणसं एकमेकांना आवडायचं काहीच कारण नाही. एक धनाढ्य कारखानदार, एक सत्तर वर्षं बर्फात गोठलेला सैनिक, एक देव, आणि स्वतःच्या रागाला भिऊन कोलकात्याच्या गरीब वस्तीत रुग्ण तपासत लपलेला एक शास्त्रज्ञ. म्हणून चित्रपटाचा मधला मोठा भाग भांडणाचा आहे. उडत्या जहाजावरच्या प्रयोगशाळेत सगळे एकमेकांची उणीदुणी काढतात तो प्रसंग मला शेवटच्या सगळ्या धडाडधूमपेक्षा मोलाचा वाटतो. भांडण इतकं खरं आहे, म्हणूनच पुढे ते सहा जण पाठीला पाठ लावून उभे राहतात आणि कॅमेरा त्यांच्याभोवती फिरतो, तेव्हा चित्रपटगृहात शिट्ट्या वाजतात.

त्या क्षणी मागे दिसणारं न्यूयॉर्क बहुतांशी न्यूयॉर्क नाहीच. चित्रीकरण न्यू मेक्सिकोतल्या आल्बुकर्कीला आणि ओहायोतल्या क्लीव्हलंडला झालं. खुद्द न्यूयॉर्कच्या वाट्याला मोजकेच दिवस आले. इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या कंपनीच्या छायाचित्रकारांनी मॅनहॅटनचे रस्ते आणि गच्च्या फिरून फोटोंचा ढीग गोळा केला आणि त्यातून संगणकावर शहर उभारलं. छायालेखक शेमस मॅकगार्वी यांनी नेहमीची लांबट चौकट सोडून उंच चौकट निवडली, कारण त्या शास्त्रज्ञाचं रागातलं अजस्र रूप हल्क आणि त्याच्या शेजारी संघातली ब्लॅक विडो, दोघांनाही एकाच चौकटीत मावायचं होतं. हल्कचे हावभाव मार्क रफालोच्याच चेहऱ्यावरून टिपले गेले. मला वाटतं, म्हणूनच त्या हिरव्या धुडाच्या डोळ्यांत माणूस दिसतो.

२२ कोटी डॉलर खर्चाचा हा चित्रपट अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत २० कोटी डॉलरच्या पुढे गेला. त्याआधी कुठल्याच चित्रपटाला ते जमलं नव्हतं. जगभरची कमाई दीड अब्जावर गेली. मग सगळ्यांनाच आपापलं ‘विश्व’ हवंसं झालं. युनिव्हर्सलने २०१७ मध्ये ‘द ममी’पासून राक्षसांचं विश्व सुरू केलं आणि ते पहिल्याच पायरीवर गडगडलं. त्याच वर्षीच्या ‘जस्टिस लीग’मध्ये निम्म्या वीरांची धड ओळखही झालेली नव्हती. आपल्याकडे रोहित शेट्टी यांचा बाजीराव सिंघम ‘सिम्बा’त आला, पुढे ‘सूर्यवंशी’त आला, मराठी आडनावाच्या फौजदारांचंही एक विश्व झालं. २०१९ च्या एप्रिलमध्ये ॲव्हेंजर्सच्याच ‘एंडगेम’साठी मुंबईत रात्रभर खेळ लागले. तो इंग्रजीखेरीज हिंदी, तमिळ आणि तेलुगूत आला, मराठीत नाही. आमच्या पोरांनी आयर्न मॅनला हिंदीत निरोप दिला, याचं मला अजून वाईट वाटतं.

पण या चित्रपटांचा एक परिणाम मला मनापासून आवडतो. त्यांनी प्रेक्षकांना नामावली संपेपर्यंत बसायची सवय लावली. दिवे लागले की बाहेर पळणारे आपण, पुढचा तुकडा पाहायला मिळेल म्हणून खुर्चीत थांबायला लागलो. डोळ्यांसमोरून हजारो नावं सरकायला लागली, आणि मोठ्या परदेशी चित्रपटांच्या त्या यादीत देशपांडे, शेख, पिल्ले, जाधव दिसायला लागले.

आमच्या शेजारच्या वहिनींचा मुलगा अशा चित्रपटांची कामं घेणाऱ्या एका स्टुडिओत रोटोचं काम करतो. रोटो म्हणजे चित्रातल्या माणसाची बाह्यरेखा हाताने कोरून काढायची, म्हणजे त्याच्यामागे हवं ते शहर बसवता येतं. एका सेकंदात चोवीस चित्रं. पाच सेकंदांच्या दृश्यात नायिकेचे केस वाऱ्यावर उडत असतील, तर एकशेवीस वेळा ते केस कोरायचे. ‘द ॲव्हेंजर्स’सारखा साधा चित्रित केलेला चित्रपट नंतर थ्रीडी करतात, तेव्हाही हेच कोरीवकाम पायाशी असतं. हा मुलगा रात्रपाळी करून सकाळी साडेसातला घरी येतो, तेव्हा मी दूध आणायला निघालेलो असतो. “काका, काल हातात फक्त एक कान होता,” असं मला त्याने एकदा सांगितलं. मार्व्हलच्या स्वतःच्या दृश्य-परिणाम विभागातल्या कामगारांनी २०२३ मध्ये एकमताने संघटनेच्या बाजूने मत दिलं, ती बातमी मी कापून त्याच्यासाठी ठेवली होती. पहिल्या दोन चित्रपटांत त्याने महिनोन् महिने काम केलं, तरी यादीत नाव आलं नव्हतं.

तिसऱ्या खेपेला आलं. वहिनी, तो आणि मी असे तिघं रविवारी गेलो. चित्रपट संपला, लोक बसून राहिले, मधला तुकडा झाला, तसे बरेचसे उठले. मग बारीक अक्षरांचे रकाने वर चढायला लागले. वहिनींनी चष्मा पुसून पुन्हा लावला. दारातून झाडू घेतलेला माणूस आत आला आणि आम्हाला बसलेलं पाहून भिंतीला टेकून थांबला.

“आलं का रे?”

“गेलं, आई.”

पुढच्या रविवारी वहिनींनी परत तिकिटं काढली. या वेळी पडद्याजवळची.