निर्यात दोन एकरवाल्याची पण आहे

गोडी छाटण्या उरकत आल्या, ग्रेपनेटच्या नोंदणीचे दिवस आलेत. आणि पारावर तेच ऐकू येतंय, "एक्स्पोर्ट मोठ्या बागायतदाराचं काम. आपल्या दोन एकरात काय होतंय?"

मला हे पटत नाही. युरोपातलं गिऱ्हाईक सातबारा बघत नाही. ते बघतं मण्याची जाडी, गोडी आणि औषधाचा उर्वरित अंश. पहिल्या दोन गोष्टीत आपला लहान शेतकरी कुठंच कमी नाही. अडतं ते तिसऱ्या ठिकाणी.

२०१० साल आठवा. खरड छाटणीनंतर शेंड्याची वाढ थांबवायला सीसीसी सर्रास मारलं जायचं. एप्रिल-मेमधलं ते औषध वेलीत राहिलं आणि पुढच्या हंगामाच्या मण्यात सापडलं. युरोपात कंटेनर अडकले. तिथं कुणाला एकर बघून सूट मिळाली नाही. म्हणजे ज्याला माहिती, तोच मोठा.

माहिती आहे कुठं? मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र यादी काढतं. कोणतं औषध चालतं, अंशाची मर्यादा किती, काढणीआधी किती दिवस फवारणी बंद, सगळं त्यात असतं. ही यादी छाटणीआधी प्रत्येक गावच्या कृषी सेवा केंद्राच्या दारावर मराठीत लागली पाहिजे. दुकानदार देईल ते मारायचं, हे आता परवडणारं नाही.

दुसरी गोष्ट रिपोर्टची. नमुना आपल्या बागेतला, पण रिपोर्ट व्यापाऱ्याच्या मोबाइलवर. आपल्याला तोंडी कळतं, पास का फेल. बाजार पडला की पास माल पण "फेल" होतो, अशी कुजबुज दर हंगामात असते. कागद हातात असला की कुजबुजीचं कारणच राहत नाही. प्लॉट आपल्या नावावर नोंदलाय, तर रिपोर्टची प्रत मागून घ्या. लाजू नका.

आता साधनांचं. तोडलेला माल काही तासांत प्रीकूलिंगला गेला नाही तर समुद्रातले तीन-चार आठवडे निघत नाहीत. एक कंटेनर म्हणजे बारा-तेरा टन. एकट्या दोन एकरवाल्याचा एका मापाचा एवढा माल एका तोडणीत निघायचा नाही, आणि शीतगृह तर एकट्यानं बांधणं होतच नाही. म्हणून गट पाहिजे. १९९१ ला महाग्रेप्स उभी राहिली ती याच हिशोबानं, द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्था एकत्र येऊन.

पण नुसतं शीतगृह बांधून, अनुदान घेऊन भागत नाही. अंश जास्त असलेला माल थंड केला म्हणून पास होत नाही. आधी फवारणीची वही, मग खोली.

तेव्हा मंडळी, नोंदणी करा. आणि आजची फवारणी आजच वहीत लिहा. औषध, प्रमाण, तारीख. दोन ओळींचं काम आहे.