हात आधी उठतो
निपाणीत तंबाखूवर कित्येक घरांची चूल पेटते, हे मान्य. पण टपरीवर कुणी पुडी टर्रकन फाडली की माझ्या वर्गातल्या पोरांचा हात खिशात जातो. विचार मागनं येतो! वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या प्रयोगांत माकडांनी दिवा लागल्यावर खटका दाबला की रस मिळायचा. सरावानंतर त्यांच्या डोपामाइनच्या पेशी रसाऐवजी दिव्यालाच उसळू लागल्या. हा इशारा मेंदूतल्या स्ट्रायटमला पोचतो, तिथं हालचालीला वाट मिळते. पुडीचा आवाज म्हणजे तो दिवाच. मग नुसतं ‘मन घट्ट कर’ म्हणून काय होणार? २००३च्या कायद्यानं कॉलेजपासून १०० यार्डांत तंबाखू विकायला बंदी आहे. व्यसनमुक्तीची व्याख्यानं नंतर ठेवा, आधी गेटसमोरच्या पुड्यांच्या माळा उतरवा.